तुळशीरामचं कुलूप

तुळशीराम हिवाळे गेल्याचं मला नवव्या दिवशी कळलं, आणि तेही चुकून. कॉलेजच्या ऑफिसात मी मस्टरवर सही करत होतो. वडीगोद्रीकडचे एक प्राथमिक शिक्षक पुतणीच्या दाखल्यासाठी आले होते. आमच्या कारकुनानं सहज माझी ओळख करून दिली, "हे आमचे मराठीचे सर, लेखक लोकांत असतात." त्या गृहस्थांचा चेहरा उजळला. "मंग तुम्ही हिवाळे गुरुजींना ओळखत असाल… ओळखत व्हता म्हणायला पाहिजे आता." मी विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, "कावीळ झाल्ती. आधी गावठी औषध घेतलं, मंग अंबडला नेलं. तिथून औरंगाबादला न्यायचं ठरलं, पण गाडी यायच्या आधीच… परवा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बी झाला. लई माणसं आल्ती. तुम्हाला कळवलं न्हाई का कुणी?" मी नाही म्हणालो. माझी अडचण बघून तेच ओशाळले. "घाईत राहून गेलं असंल," म्हणाले. राहून गेलेलं नव्हतं. मला कळवावं असं त्या घरातल्या कुणाला वाटण्याचं काही कारणच मी शिल्लक ठेवलेलं नव्हतं. मी सही पूर्ण केली, ती दुसऱ्याच तारखेच्या रकान्यात. मग वर्गावर गेलो आणि दोन तास नेहमीसारखे शिकवले. हेही सांगायलाच हवं.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून हा लेख मी लिहायला घेतलेला नाही. यातला मुख्य मजकूर चार वर्षांपूर्वी दोन ओळींत छापून यायला हवा होता. तो मी लिहिला नाही, म्हणून आता एवढं लिहावं लागतंय.

तुळशीराम मला पहिल्यांदा भेटला तो जालन्यात मस्तगडला, एका कापडदुकानाच्या माडीवर. तिथं दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दहाबारा जण जमायचो. कुणी कविता वाचायचं, कुणी गोष्ट, मग त्यावर तासभर वाद व्हायचा. शनिवारी त्याची सकाळची शाळा असायची. ती सुटली की जेवून तो एस.टी. धरायचा, अंबडला गाडी बदलायचा आणि पाचच्या ठोक्याला माडीच्या जिन्यात त्याच्या वहाणा वाजायच्या. शेवटची गाडी चुकू नये म्हणून तो जिन्याजवळ, दाराला पाठ लावून बसायचा. उंच, किडकिडीत, पांढरा लेंगा-सदरा, आणि समोरचा बोलत असला की त्याच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघायची सवय. त्याचे वडील छप्पन साली बौद्ध झालेले, गावच्या पाटबंधाऱ्यावर मजुरी करणारे. तो त्यांच्या घरातला पहिला शिकलेला, आणि मीही आमच्या घरातला पहिलाच एम.ए. पण आमच्या घराला चाळीस एकर काळी होती आणि गावात पाटीलकीचा मान होता. वयानं तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तरी तो मला 'सर' आणि 'तुम्ही' म्हणायचा आणि मी त्याला 'तुळशीराम' आणि 'तू'. हे बदलावं असं इतक्या वर्षांत मला एकदाही सुचलं नाही.

तो फार कमी बोलायचा. पण कुणी वाचलेल्या गोष्टीत एखादी वस्तू खोटी असली, की तिच्यावर त्याचं बोट बरोबर पडायचं. एकदा मी माझी गोष्ट वाचली. त्यात एक बाई डोक्यावर पाण्याची घागर घेऊन रडते, असा शेवट होता. सगळे वा वा म्हणाले. तुळशीराम जाता जाता जिन्यात थांबून हळूच म्हणाला, "सर, भरलेली घागर डोक्यावर असताना रडता येत न्हाई. मान हलती. बाई आधी घागर उतरवती, मंग रडती." मी हसलो. घरी गेल्यावर मात्र मला त्याचा राग आला होता. त्या वर्षी माझ्या गोष्टी मासिकांकडून परत येत होत्या आणि मी नऊ वर्षं लिहीत होतो.

माझ्याकडची पुस्तकं तो नेमानं न्यायचा आणि नेमानं परत आणायचा, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. त्यांतच एका युरोपी लेखकाच्या गोष्टींचा जुना मराठी अनुवाद होता. आमच्या मंडळातल्या एका वयस्क सभासदानं मला दिलेला. ते पुस्तक तुळशीरामनं दुष्काळाच्या साली नेलं आणि दोनेक महिन्यांनी परत दिलं. एवढी नोंद माझ्या वहीत आहे. पुढं मी तिचा उपयोग केला.

दुष्काळानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत तुळशीरामची 'वहिवाट' ही गोष्ट एका त्रैमासिकाच्या दिवाळी अंकात आली. जेमतेम सात पानं. एका मजूर बाईचं घर पावसात पडलेलं आहे. मागची भिंत नाही, बाजूच्या भिंती कमरेएवढ्या उरल्यात, उभी आहे ती फक्त पुढची भिंत आणि तिच्यातलं दार. बाई रोज सकाळी तिथं येते, झाडते, सारवते, चूल पेटवून भाकरी करते. मग बाहेर येऊन दार ओढून घेते, कुलूप लावते, ते दोनदा ओढून बघते आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. मागच्या बाजूनं कुत्री आतबाहेर करत असतात. बाई का कुलूप लावते हे गोष्टीत कुठंही सांगितलेलं नाही. शेवटही तोच, कुलूप दोनदा ओढून बघण्याचा.

आजच्या वाचकांना कदाचित आठवणार नाही, पण ते कुलूप तेव्हा फार गाजलं. मुंबईच्या एका समीक्षकानं लिहिलं, की हे कुलूप म्हणजे आपल्या पोकळ स्वातंत्र्याचं प्रतीक. पुण्याच्या एका प्राध्यापिकाबाईंनी त्यात मानवी अस्तित्वाची निरर्थकता पाहिली. नागपूरकडच्या एका गृहस्थांनी संपादकांना कळवलं, की ही त्यांच्या आजीची हकीकत आहे आणि लेखकाला ती त्यांच्या मावसभावाकडून मिळाली असणार. बीडचे एक वकील म्हणाले, छे, ती माझी अशील होती. हे कुलूप लेखकाला सापडलं कुठं, यावर परिसंवादात बोलणं व्हायचं. तुळशीरामला कुणी विचारलं तर तो एकच शब्द बोलायचा, "सुचलं." मग मान खाली. गोष्ट शालेय पाठ्यपुस्तकात घ्यायचं चाललंय, असं कानावर आलं. मंडळात त्याचा सत्कार झाला, नारळ मीच दिला. फोटो नाही काढला कुणी, हे बरं झालं. माझा चेहरा त्यात कसा आला असता कोण जाणे.

त्यानंतर साताठ महिन्यांनी मी लेख लिहिला, 'उसनं कुलूप'. त्यात म्हटलं होतं, की एका युरोपी कथेत म्हातारा माणूस कुंपण जळून गेलेल्या वाडीच्या फाटकाला रोज कुलूप लावतो, 'वहिवाट'मधलं कुलूप तिथून आलेलं आहे, त्या कथेचा अनुवाद 'वहिवाट' लिहिली जाण्यापूर्वी लेखकानं वाचला होता, आणि तो त्याला प्रस्तुत लेखकानंच दिला होता. तारखेसकट दिलं होतं सगळं. आणि एक वाक्य होतं, ते मला अजून तोंडपाठ आहे. "खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाच्या अनुभवविश्वात ही प्रतिमा आपोआप उगवणं अवघड वाटतं." मी 'प्राथमिक शिक्षक' लिहिलं. त्या शब्दाखाली मी कोणता शब्द दाबून ठेवला होता ते मला ठाऊक होतं, आणि वाचताना तुळशीरामलाही ठाऊक झालंच असणार.

लेखानं माझं नाव झालं. 'उसनं कुलूप' हा शब्दच रूढ झाला. एखाद्याची उचलेगिरी सापडली की लोक तसं म्हणायला लागले. पाठ्यपुस्तकाचं मागं पडलं. लेख आल्यानंतर तुळशीराम एकदाच मंडळात आला, पुढच्याच शनिवारी, नेहमीच्या गाडीनं. नेहमीसारखा दाराशी बसला. कुणी वाचायला तयार होईना. शेवटी एक जण म्हणाला, "हिवाळे गुरुजी, एकदा सांगून टाका ना काय ते. कुलूप कुठून आलं?"

"मला काही सांगायचं न्हाई," तुळशीराम म्हणाला.

"म्हणजे सरांचं म्हणणं मान्य?"

"तसं बी न्हाई म्हणलो मी."

तो माझ्याकडं बघत होता. या खेपेला हातांकडं नव्हे, तोंडाकडं. मी माझ्या चष्म्याची काच पुसायला घेतली आणि बराच वेळ पुसत राहिलो. गाडीला अजून दीड तास होता, तरी तो उठला. त्यानंतर तो मंडळात आला नाही आणि त्याची एकही गोष्ट कुठं छापून आली नाही. बघा, म्हणजे खरंच होतं, असं लोक म्हणाले. मीही तसंच म्हणालो.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेचा निरीक्षक म्हणून मला वडीगोद्रीला जावं लागलं. दुपारचा पेपर सुटल्यावर रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा घेत होतो, तर समोर सायकल धरून तुळशीराम. मला उठून जाता येईना. तो जवळ आला, बसला, आपला चहा बशीत ओतून प्याला आणि म्हणाला, "सर, तुमची गाडी सहाला हाय. तास-दीड तास मला द्या. एक जागा दाखवतो." कुठली, असं मी विचारलं नाही. त्यानं मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि उन्हातून तीन मैल सायकल मारली. चढावर मी उतरतो म्हणालो, तर म्हणाला, "बसा बसा, मला सवय हाय." मी बसून राहिलो. त्याचा सदरा पाठीला चिकटलेला माझ्या डोळ्यांसमोर होता.

गावाचं नाव मी इथं देत नाही. गावाच्या कडेला आम्ही थांबलो. समोर एक घर होतं. दगडमातीची भिंत, तिच्यात जुनं फळ्यांचं दार, दाराला पितळी कुलूप. "मागून या," तुळशीराम म्हणाला. मी वळसा घालून गेलो. मागं भिंत नव्हती. मातीचा ढीग होता, त्यावर तरवड उगवलेला. त्या ढिगावर उभं राहिलं की सारवलेली जमीन, तीन दगडांची चूल, झाकून ठेवलेली परात आणि दाराची आतली बाजू, सगळं दिसत होतं. मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. तेवढ्यात समोरून एक म्हातारी गवताचा भारा घेऊन आली. भारा उतरवला, कनवटीची चावी काढली, कुलूप उघडलं, दार लोटलं आणि समोर ढिगावर मी दिसतोय तरी म्हणाली, "या की, आत या." मागून सगळं मोकळं होतं. तरी मी पुन्हा वळसा घालून गेलो, दारात वहाणा काढल्या आणि दारातूनच आत गेलो.

ती तुळशीरामची आत्या, धुरपता. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. "ह्ये कोण?" तिनं विचारलं. "जालन्याचे सर हायेत," तुळशीराम म्हणाला. ती सावध झाली. "सरकारी?" "न्हाई आत्या, कॉलेजचे. पुस्तकाचे." मग तिनं पाणी दिलं आणि मी न विचारता सांगायला लागली. "शेजारच्या मालकाला ही जागा पायजे, कडबा रचायला. पंचायतीत सांगून राह्यले, बाई इथं राहतच न्हाई, जागा पडीक हाय. मी म्हणलं, पडीक जाग्याला कुलूप असतंय का? रोज येती, चूल पेटवती, धूर दिसतोय साऱ्या गावाला. कुलूप लावून जाती. कुलूप काढलं की उद्या सकाळी इथं कडब्याच्या पेंढ्या येऊन पडतील. माझी वहिवाट हाय ही, बाबा. जल्दी नाव लावा म्हणून अर्ज दिलाय ह्या मास्तरनं. नाव लागलं की मंग बघू भिंतीचं."

वहिवाट, म्हणजे जागेवरचा चालता ताबा. गोष्टीच्या नावातच सगळं उघड सांगितलेलं होतं. मुंबई-पुण्याचं सोडा, मी याच मुलखातला, आमच्या घरात जमिनीचे कागद पत्र्याच्या पेटीत भरून ठेवलेले, आणि मी त्या शब्दाचा अर्थ 'रोजची सवय' असा लावून त्यावर दीड पान लिहिलं होतं. ज्या घराला आपल्या जागेची कधी काळजी करावी लागली नाही, त्या घरातल्या माणसानं लावलेला अर्थ होता तो.

परत येताना ओढ्याच्या पुलावर तुळशीरामनं सायकल थांबवली.

"तेव्हाच का सांगितलं नाहीस?" मी विचारलं. माझ्या आवाजात चीड होती, जणू त्यानंच मला फसवलं होतं.

"कुठं सांगू, सर? पेपरात? अमक्या गावात अमक्या बाईचं घर तीन बाजूंनी पडलंय, ती झोपायला माझ्या घरी येती, असं छापून देऊ? त्याच कात्रणावर पंचायतीत तिची जागा गेली असती."

"पण गोष्ट छापलीसच की."

"गोष्टीला गाव नसतं," तो म्हणाला. "आणखी एक. त्या तुमच्या पुस्तकातली ती गोष्ट मी वाचलेलीच न्हाई. बाकीच्या सगळ्या वाचल्या. तिची पानं कडंला जोडलेली व्हती, छापखान्यात कापायची राह्यलेली. पुस्तक तुमचं. दुसऱ्याच्या पुस्तकाला ब्लेड कसं लावायचं? म्हणून ती तेवढी राह्यली. मला वाटलं, लेख लिहिताना तुमच्या ध्यानात आलं असंल."

आता जे लिहितोय ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या ध्यानात आलं होतं. लेख लिहायला बसलो तोवर ती गोष्ट मीसुद्धा वाचलेली नव्हती. पुस्तकाच्या प्रस्तावनेत तिचा तीन ओळींचा सारांश होता, त्यावरूनच मला ती माहीत होती. उतारा द्यावा म्हणून रविवारी दुपारी पुस्तक काढलं, तर ती सोळा पानं कडेनं जोडलेली. पुस्तक तुळशीरामकडून परत आलेलं, त्यानं घातलेलं कव्हर अजून तसंच. त्यानं ती गोष्ट वाचलेली नाही याचा यापेक्षा सरळ पुरावा असू शकत नव्हता, आणि तो माझ्या हातात होता. मी मिनिटभर थांबलो. प्रस्तावना तर वाचली असेल ना, असं मनाशी म्हटलं. आणि दाढीचं ब्लेड घेऊन पानं कापली. मग वाचलं, तर त्या गोष्टीतला म्हातारा दारुडा निघाला. त्याचं कुलूप लावणं हा विनोद होता. 'वहिवाट'शी त्याचा काही संबंध नव्हता. तरी लेख मी पाठवला.

पुलावर तुळशीराम माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी म्हणालो, "मला काही आठवत नाही."

मी खाली ओढ्याकडं बघत होतो, हे त्यानं पाहिलं. मग म्हणाला, "बराबर हाय. लई दिस झाले." त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं सायकलचं पायडल उलटं फिरवून घेतलं आणि म्हणाला, "एक करा, सर. दोनच ओळी लिहा. चूक झाली, म्हणून. कारण लिहू नका, आत्याचं बिलकुल लिहू नका. नुसती चूक झाली म्हणा. शाळेत पोरं नीट वागतात, पण मास्तर लोक… स्टाफरूममध्ये कुलूप दिसलं तरी हसतात."

मी "बघतो" म्हणालो.

बघितलं नाही. पहिले काही महिने मी स्वतःला सांगत होतो, की कारण दिल्याशिवाय चूक कबूल करणं बेजबाबदारपणाचं होईल, आणि कारण तर त्यानंच देऊ नको म्हटलंय. त्याची अट मी माझी सबब करून टाकली. नंतर माझी नोकरी कायम व्हायची होती, पीएच.डी.च्या अर्जात तो लेख मी जोडला होता. दोनदा संपादकांना पत्र लिहायला बसलो. दोन्ही वेळा "प्रिय संपादक" याच्या पुढं गेलो नाही. तिसऱ्यांदा बसलोच नाही. मग एक दिवस तुळशीरामचं कार्ड आलं. "आत्या वारली. त्याआधी आठ महिने पंचायतीच्या उताऱ्यावर जागा तिच्या नावावर लागली होती. तिनं उतारा बघितला. आता तुम्ही सगळं लिहिलं तरी हरकत नाही. आपला, तुळशीराम." माझी शेवटची सबबही त्यानं स्वतःच्या हातानं काढून घेतली. आत्या गेल्याबद्दल सांत्वनाच्या चार ओळी लिहायलाही मी धजलो नाही, कारण त्या लिहिल्या तर पाचवी लिहावी लागली असती. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली.

तुळशीराम गेल्याची बातमी कळल्यानंतरच्या रविवारी मी त्याच्या गावी गेलो. शाळेमागच्या दोन खोल्यांत ते राहतात. त्याची बायको कौसल्याबाई दारात उभ्या होत्या. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "उसनं कुलूपवाले सर का?" तक्रारीचा सूर नव्हता. त्या घरात मी त्याच नावानं ओळखला जात होतो, एवढंच. त्यांनी सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी जे पुलावर बोललो नव्हतो ते सगळं त्यांना सांगितलं, ब्लेडसकट. त्या ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "पानं कापलीत ती तुम्हीच, हे ह्यांना माहीत व्हतं. त्या दिशी पुलावरून घरी येऊन म्हणले, सरांनी नजर फिरवली."

मी विचारलं, त्यांचं काही लिहिलेलं शिल्लक आहे का? गोष्टी, टिपणं, काहीही? मी ते छापून आणीन, प्रस्तावना लिहीन. बोलतानाच मला कळत होतं, की मी आपलीच सोय बघतोय. "गोष्ट न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या लेखानंतर एक बी न्हाई. बसायचे लिहायला. मंग म्हणायचे, ह्ये कुठून आणलं म्हणून उद्या कुणी विचारलं तर? आणि वही मिटायचे." मी म्हणालो, मी आता हे सगळं लिहू का? त्या म्हणाल्या, "लिहा. पण ते लई चांगले व्हते, असलं काही लिहू नका. ते कसे व्हते ते आम्हाला ठाऊक हाय. कुलूप त्यांचं व्हतं, तेवढं लिहा."

म्हणून लिहितो. 'वहिवाट' या गोष्टीतलं कुलूप तुळशीराम हिवाळे यांचं आहे. ते त्यांनी कुठूनही उसनं घेतलेलं नाही. माझा लेख खोटा होता, आणि तो खोटा आहे हे लिहिताना मला माहीत होतं.

त्या रविवारी मी उठायला लागलो तेवढ्यात दारात एक म्हातारा आला. धोतर, खांद्यावर घोंगडं, हातात कोरा कागद गुंडाळलेला. "म्यास्तरीणबाई, अर्ज लिहायचा व्हता," म्हणाला आणि मग स्वतःच चाचरला. "रविवार म्हणून पाय इकडंच वळले बघा." कौसल्याबाई म्हणाल्या, "दर रविवारी येतात माणसं. ह्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायला. अजून येतात." खिडकीखाली एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यावर अर्जांच्या कार्बन-प्रती रचून ठेवलेल्या, कमरेएवढा ढीग, वर एक पेपरवेट म्हणून गुळगुळीत दगड. शेजारी पॅड, कार्बन आणि टोक केलेली पेन्सिल, जशी त्यानं ठेवली असेल तशी. "तुम्ही द्या लिहून," त्या मला म्हणाल्या.

म्हाताऱ्याचं काम साधं होतं. सकाळची एस.टी. महिनाभर त्यांच्या फाट्यावर थांबत नव्हती, हायस्कूलच्या पोरांना चालत जावं लागत होतं. मी पॅड मांडीवर घेतलं आणि डेपो मॅनेजरांच्या नावे लिहिलं. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांची शैक्षणिक हानी, दळणवळणाच्या मूलभूत गरजेकडे होणारं अक्षम्य दुर्लक्ष, वगैरे. अर्धं पान झालं. वाचून दाखवलं. म्हातारा भांबावून बघत राहिला. कौसल्याबाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, नजर फिरवली आणि परत दिला.

"ह्यांनी असं न्हाई केलं असतं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी आधी इचारलं असतं." आणि म्हाताऱ्याकडं वळून, "काका, गाडी थांबत न्हाई तव्हा डायवर काय करतो?"

"काय करतो?" म्हातारा म्हणाला. "बघतो आमच्याकडं. हात करतो, पाव्हण्याला करावा तसा. आणि जातो निघून."

"मंग तेच लिहा."

मी नवा कागद घेतला, खाली कार्बन घातला. गाडी आमच्या फाट्यावर थांबत नाही. ड्रायव्हर आमच्याकडे बघतो. पाहुण्याला करावा तसा हात करतो आणि निघून जातो. शाळेची मुलं चालत जातात. गाडी थांबवावी, ही विनंती. एवढंच. पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा म्हाताऱ्यानं मान डोलावली, अंगठ्याला शाई लावून घेतली. मी पॅड मिटायला लागलो, तर कौसल्याबाईंनी ढिगातली वरची प्रत उचलून माझ्यापुढं धरली. कावीळ व्हायच्या आधीच्या रविवारची असावी. खाली त्याच्या बारीक, सरळ अक्षरात दोन ओळी होत्या. तिच्याखालची प्रत बघितली, तिच्याखालची बघितली. सगळीकडं त्याच दोन ओळी होत्या, फक्त पहिलीतलं नाव दर वेळी वेगळं.

मी म्हाताऱ्याला त्याचं पूर्ण नाव विचारलं आणि अर्जाखाली लिहिलं, 'सांगणार', त्याच्यापुढं म्हाताऱ्याचं नाव. दुसऱ्या ओळीत लिहिलं, 'लिहिणार', आणि त्याच्यापुढं माझं.